बॉल पायथनच्या पेटीत खाली काय अंथरायचं?

निशिगंध_एडिसन

मंडळी, ‘साप कशाला पाळायचा’ ही चर्चा आमच्या घरात होऊन गेली आहे आणि तीत मी हरले आहे. त्यामुळे ती इथे नको, प्लीज.

चौदा वर्षांच्या लेकाने बॉल पायथनचं, म्हणजे लहान जातीच्या अजगराचं, पिल्लू आणलंय. रानातून पकडलेलं नाही, पाळलेल्या जोडीचं आहे. हातभर लांब. नाव ‘तात्या’. काचेचा ४० गॅलनचा टँक, वर जाळीचं झाकण, बुडाला बाहेरून चिकटवलेली, विजेवर तापणारी हीट मॅट. दुकानदाराने सोबत ॲस्पेन लाकडाच्या ढलप्यांची पिशवी दिली. लेकाचा मित्र म्हणतो नारळाचं काहीतरी घाल. यूट्यूबवरचे एक काका म्हणतात कागदाशिवाय काही घालू नका, दुसरे म्हणतात कागद म्हणजे सापावर अन्याय.

इकडे न्यू जर्सीत हिवाळा, घरात चोवीस तास हीटिंग. टँकमधला आर्द्रतेचा काटा तीसच्या वर जायला तयार नाही. लेक दिवसभर स्प्रे मारतो, काटा जरा उचलतो आणि तासाभरात परत खाली. नक्की काय अंथरू?

फडताळ

तात्याला दूध-लाह्या देऊ नका एवढंच माझं योगदान. सापाला दूध पचत नाही, नागपंचमीला पितो तो बिचारा तहानलेला ठेवलेला असतो म्हणून.

बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

गारवेल

निशिगंध, कुठली पिशवी घ्यायची ते मागाहून बघू. आधी तीन गोष्टी बघायच्या: साप कुठला, ऊब कुठून येते आणि झाकण कसलं. तुमच्याकडे या तिघांचं एकमेकांशी पटत नाहीये, म्हणून काटा टिकत नाही.

साप. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यात भरपूर. गवताळ माळरानावरचा म्हणून लोक त्याला कोरडा ठेवतात. पण तो दिवस काढतो उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत, आणि बिळातली हवा वरच्या हवेपेक्षा बरीच दमट असते. पेटीत साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता धरून चला. तीस टक्क्यांत कात तुकड्या-तुकड्यांनी निघेल आणि डोळ्यांवरची अडकेल.

ॲस्पेन वाईट नाही, या सापाला चुकीचं आहे. माझ्याकडच्या कॉर्न स्नेकना मी तेच घालतो. हलकं असतं, वास धरून ठेवत नाही, आत बोगदे केले तर ढासळत नाहीत. पण ते कोरडंच राहायला हवं. ओलं झालं की बुरशी धरतं, आणि तुम्ही तर दिवसभर स्प्रे मारताय. आजच खालचा थर उकरून बघा. वास कुबट येत असेल तर पिशवीसकट निरोप द्या.

बॉल पायथनला माझं मत नारळाच्या सोडणाला. दुकानात ते दोन रूपांत येतं. एक बारीक भुसा, म्हणजे कोकोपीट, दाबून विटा केलेला. साडेसहाशे ग्रॅमची वीट कोमट पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. दुसरं म्हणजे सोडणाचे चौकोनी तुकडे. नुसता भुसा वाळला की धूळ उडते, नाकपुड्यांत जाते, खायला दिलेल्या ओल्या उंदराला चिकटते. नुसत्या तुकड्यांत हवा छान खेळते, पण साप आत शिरला की वरून सगळं घसरत येतं. मी तुकडे जास्त आणि भुसा कमी असं मिसळतो. थर चार इंचांचा. दोन इंचांपेक्षा पातळ थरात ओलावा टिकतच नाही.

आता पाणी. स्प्रे मारला की वरचा थर ओला होतो आणि खालचा कोरडा राहतो. आपल्याला नेमकं उलट हवंय. पेटीच्या चारही कोपऱ्यांत तळापर्यंत पोचेल असं पाणी ओता, मग हाताने खालवर करा. बुडाचा थर ओला आणि साप बसतो तो वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे. मूठ दाबली की मुटका वळावा, पाणी टपकू नये. साप सतत ओल्यावर बसला तर पोटाखालचे खवले सडतात.

झाकणाबद्दल: जाळी म्हणजे उघडी खिडकी. खाली कितीही भारी माल घातला तरी ओलावा वरून निघून जाणार. जाळीचा बराचसा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका, दिव्याची जागा आणि हवेसाठी थोडी फट सोडून. आणि एक, पेटीच्या आतल्या बाजूला कुठलीही चिकटपट्टी लावू नका. साप त्याला चिकटतो आणि सोडवताना कातडं फाटतं.

मोडीवाचक

गारवेल नेहमीप्रमाणे बाग लावायला निघाले आहेत. :)

निशिगंधताई, नवीन साप आहे ना? मग पहिले दोन-तीन महिने साधा किचन टॉवेलचा कागद, बास. मी आणलेला प्रत्येक साप आधी कागदावर राहतो. कारणं सांगतो.

माइट्स. सापाच्या अंगावरचे हे किडे टाचणीच्या टोकाएवढे, काळे. पांढऱ्या कागदावर लगेच दिसतात. नारळाच्या भुशात तुम्हाला जन्मात दिसायचे नाहीत, आणि दिसतील तेव्हा भुशात अंडी घालून मोकळे झालेले असतील. मग ती सगळी पेटी रिकामी करा, धुवा, लाकडी सामान फेका.

विष्ठा. पातळ आहे का, रक्त आहे का, युरेटचे (सापाच्या घट्ट लघवीचे) पांढरे खडे नीट पडतात की पिवळे-केशरी झालेत, हे कागदावर कळतं. जंतांच्या तपासणीसाठी नमुना घ्यायचा तर कागदावरून उचलायला सोपा.

उलटी. पिल्लांनी उंदीर बाहेर टाकणं हे मोठं लक्षण आहे. भुशात ते गाडलं गेलं की तुम्हाला वासाने कळतं, म्हणजे उशिरा कळतं.

आणि खर्च शून्य. रोज बदला. रंगीत छपाईची गुळगुळीत पानं नकोत, साधं वर्तमानपत्र किंवा शाई नसलेला कोरा कागद चालतो.

‘कागद म्हणजे अन्याय’ म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊन साप बघावेत. वर्षानुवर्षं कागदावर आहेत, खातात, पितात, अंडी घालतात.

गारवेल

मोडीवाचक, नव्या सापासाठी कागद याला पूर्ण अनुमोदन. मी लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत.

पण दोन गोष्टी. कागद आर्द्रता धरत नाही. तुमचे साप बंद ड्रॉवरसारख्या प्लास्टिकच्या टबात आहेत, तिथे पाण्याच्या भांड्यानेच हवा दमट राहते. निशिगंधकडे जाळीचं झाकण आणि जर्सीचा हिवाळा आहे. तिथे नुसता कागद घातला तर पुढची कात अडकणारच. म्हणून कागद घालायचा असेल तर एका बंद डब्याला दार पाडून, त्यात ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून उबदार बाजूला ठेवा. तेवढं एक बीळ दमट, बाकी पेटी कोरडी.

दुसरं, ‘अंडी घालतात’ म्हणजे सगळं ठीक असं नाही हो. साप अडचणीतही खातो आणि वितो. माझा बॉल पायथन कागदावर असताना डब्याबाहेर यायचा नाही. खोल थर घातल्यावर रात्री उकरतो, डोकं खुपसून बसतो, अर्धा बाहेर अर्धा आत. मला तो बघायला आवडतो. हे शास्त्र नाही, माझं मत आहे.

मोडीवाचक

मत आहे म्हणालात म्हणून सोडून देतो.

निशिगंध_एडिसन

बापरे, एवढी उत्तरं! खालचा थर उकरला. कुबट वास आहे आणि एका कोपऱ्यात पांढरी लव. ॲस्पेन गेलं कचऱ्यात.

गारवेल, ‘ऊब कुठून येते’ त्याबद्दल तुम्ही पुढे काही लिहिलंच नाही. मॅट खालून आहे, थेट भिंतीतल्या प्लगला लावलेली. चार इंच नारळ घातला तर मॅटची ऊब वर पोचेल का?

ओहमचा_नियम

थेट प्लगला?? ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारा थर्मोस्टॅट नाही?

ताई, हे वाचून झालं की पहिल्यांदा मॅट बंद करा, मग पुढचं वाचा.

साप मला कळत नाहीत, माझ्या बायकोचे आहेत. उष्णता कळते. थर्मोस्टॅटशिवायची मॅट काचेला सहज ४५ अंशांच्या वर नेऊ शकते. आता त्यावर चार इंच नारळ घाला. नारळाचा भुसा चांगला उष्णतारोधक आहे. खाली साठलेली उष्णता वर निघत नाही, काच आणखी तापते. वरचा थर मात्र गारच. सापाला वर ऊब मिळत नाही म्हणून तो ऊब शोधत खाली उकरत जातो आणि तापलेल्या काचेवर पोट टेकून बसतो. पोट भाजत असतानाही साप पटकन बाजूला होत नाही, हे पशुवैद्यांनी आम्हाला सांगितलंय.

म्हणजे गणित असं:

मॅट ठेवायची तर थर पातळ, कागद किंवा जास्तीत जास्त बोटभर माल. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काचेच्या मध्ये, बाहेरून. आत ठेवलात तर साप तो हलवतो, त्यावर पाणी सांडतं, आणि थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे.

खोल थर हवा असेल तर ऊब वरून. सिरॅमिक हीट एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर, म्हणजे उजेड न देता ऊब देणारा दिवा, तोही थर्मोस्टॅटवर. जाळीच्या वर बाहेर ठेवा, आत टांगायचा असेल तर त्याला जाळीचं कवच हवंच. साप दिव्याला वेटोळं घालतो, खोटं नाही सांगत. आणि त्या फॉइलमध्ये दिव्याभोवती मोठं वर्तुळ मोकळं सोडा.

गारवेल

मी विसरलेलं ओहमनी नीट मांडलं, धन्यवाद. उबदार बाजूला थराच्या पृष्ठभागावर ३१ ते ३३ अंश, गार बाजूला २५-२७. हे अंदाजाने नाही, हातात धरायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचं.

आणि तो आर्द्रतेचा ‘काटा’, म्हणजे खरंच काटा असलेला गोल डायल असेल तर त्यावर विसंबू नका. डिजिटल घ्या. काचेवर वर चिकटवू नका, साप जिथे बसतो त्या उंचीवर ठेवा. वरची हवा आणि जमिनीलगतची हवा यांत बराच फरक असतो.

रत्नांग्रीकर

हे सगळं वाचून मी खुर्चीतून पडायचो बाकी आहे. आमच्या आगरात सोडणांचा ढीग पडलेला असतो. आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घालतो. त्याचे तुकडे करून अमेरिकेत डॉलरला विकतात? आणि सापाला आंथरतात?

गंभीर प्रश्न: पुढल्या महिन्यात भावाकडे बोस्टनला जातोय. पोतंभर नेऊ का?

फडताळ

घ्या, धंद्याची आयडिया आली. ‘तात्या अँड सन्स, घाऊक सोडण विक्रेते’.

गारवेल

रत्नांग्रीकर, नेऊ नका. विमानतळावर झाडपाल्याच्या तपासणीत अडकेल आणि भावाकडे उशिरा पोचाल.

पण तुमच्या प्रश्नात एक मुद्दा आहे. काथ्यासाठी सोडणं खाडीच्या किंवा खाऱ्या पाण्यात कुजवतात, शिवाय नारळ समुद्राकाठचा. त्यामुळे भुशात मीठ राहतं. स्वस्त कोकोपीट बादलीत भिजवून, फडक्यातून पिळून दोनदा पाणी बदललेलं बरं. बागकामाच्या दुकानातून घेत असाल तर लेबल वाचा, काही विटांत खत मिसळलेलं असतं, ते चालणार नाही. ‘फक्त नारळ’ असं लिहिलेलं असेल तर बागेच्या दुकानातली वीट आणि सापाचं चित्र छापलेली वीट यांत किमतीपलीकडे फारसा फरक नाही.

टेकडीवरचा_पुणेकर

माझ्याकडे हॅमस्टरसाठी आणलेली सिडर लाकडाच्या ढलप्यांची मोठी गोणी पडून आहे. वास मस्त. माझ्या कॉर्न स्नेकला चालेल? (अटलांटा)

गारवेल

नाही नाही नाही. तो ‘मस्त वास’ हाच त्रास आहे. सिडरमधली उडणारी तेलं आणि फिनॉल बंद पेटीत साचतात, श्वसनाला आणि यकृताला बाधतात. हॅमस्टरलाही नकोच खरं तर. पाइनबद्दल लोकांत वाद आहे, भट्टीत वाळवलेलं चालतं म्हणणारे पुष्कळ आहेत. ॲस्पेन मिळत असताना मी त्या वादात पडत नाही.

अटलांटात आहात म्हणजे तुमचा कॉर्न स्नेक घरच्याच हवेत आहे, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातलाच तो. त्याला ४० ते ६० टक्के पुरे. ॲस्पेनचा तीन-चार इंच थर घाला आणि बोगद्यांची गंमत बघा. पाण्याचं भांडं जड घ्या, उलटलं तर ओला भाग लगेच काढा. कात टाकायच्या दिवसांत एक ओल्या मॉसचा डबा ठेवा, झालं.

पशुवैद्य_लीड्स

उशिरा आले. इंग्लंडात दवाखान्यात सरीसृप बऱ्यापैकी येतात, म्हणून दोन-चार गोष्टी जोडते.

‘भुसा गिळला की आतडं बंद पडतं’ ही भीती धाग्यात अजून कुणी काढली नाही म्हणून आश्चर्य वाटलं. निरोगी, नीट उबेत असलेल्या, पाणी पिणाऱ्या सापाच्या पोटात उंदराबरोबर एखादा नारळाचा तुकडा गेला तर तो बाहेर पडतो. अडकतो तो बहुतेक गार ठेवलेल्या किंवा कोरड्या पडलेल्या सापात. तरी उंदीर चिमट्याने द्या, किंवा सपाट ताटलीत ठेवा. ओला उंदीर भुशात लोळवून देऊ नका. वाळू मात्र नको, आणि ‘पचणारी’ म्हणून विकतात ती कॅल्शियमची वाळू तर कुणालाच नको, ती ओली झाली की गोळा होते.

आमच्याकडे बीच नावाच्या झाडाच्या ढलप्या खूप खपतात. दिसायला स्वच्छ. बॉल पायथनला घालू नका, ओलावा धरत नाहीत आणि ओल्या झाल्या की बुरशी. इथे माझ्याकडे अडकलेली कात घेऊन जे साप येतात त्यांतल्या पुष्कळांच्या खाली हेच असतं, नाहीतर रेप्टाइल कार्पेट. कार्पेट धुतलं तरी धाग्यांत घाण राहते, आणि ओलावा शून्य.

डोळ्यावरची कात अडकली तर चिमट्याने ओढू नका. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. चुकून तो निघाला तर डोळा जातो. आर्द्रता वाढवा, पुढच्या कातीबरोबर बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर डॉक्टर.

खवले सडू लागले तर आधी पोटाखालच्या पट्ट्या तपकिरी-लालसर होतात, मग फोड. लगेच कागदावर घ्या आणि दाखवून आणा. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज ही फुफ्फुसाची लक्षणं. दमट पण गार आणि कोंदट पेटीत हे होतं. म्हणजे आर्द्रता वाढवताना ऊब कमी पडू द्यायची नाही, आणि सगळी जाळी गच्च बंद करायची नाही. बऱ्याच सापांत डावं फुफ्फुस जवळजवळ नसतंच. अजगरवर्गात दोन असतात, डावं लहान. तरी त्या भरवशावर राहू नका. त्याच खोलीत उदबत्ती आणि धूपही नको.

स्फॅग्नम मॉस हाताळताना हातावर जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला. त्यातून बुरशीचा एक त्वचारोग होऊ शकतो, माळीकाम करणाऱ्यांना माहीत असतो. आणि साल्मोनेला, पोट बिघडवणारे जिवाणू. सापाला हात लावला, पेटी साफ केली की साबणाने हात. पेटीतली भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला दूर ठेवा.

निशिगंध_एडिसन

स्वयंपाकघरातल्या सिंकबद्दल तुमचा हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. नवरा वाचतोय.

मोडीवाचक

डॉक्टरांना दंडवत. वाचनखूण साठवली.

सज्जनगडचा_पायथा

सातारकडून लिहितोय, सर्पमित्र आहे. धागा वाचून आमच्याकडच्या पोरांचे मेसेज सुरू झाले आहेत, ‘दादा, धामणीला कोकोपीट चालेल का’. म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात कुठलाही देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नाग, धामण, आपला अजगर, मांडूळ, सगळेच. मांडुळाचं तर विचारूच नका, गुप्तधन नि काय काय अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी चालते. पकडलेला साप रात्रभर ठेवायची वेळ आली तर कापडी पिशवी पुरते, ‘बेडिंग’ लागत नाही. वनखात्याला कळवायचं आणि त्याच्या जागी सोडायचा.

परदेशी साप ही वेगळी गोष्ट. बॉल पायथन सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. कागद नसलेला स्वस्तातला बॉल पायथन कुणी देत असेल तर तो कुठून आला ते समजून घ्या. मुंबई विमानतळावर सामानात दडवलेले बॉल पायथन पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

गारवेल

+१. हे धाग्यात असायलाच हवं होतं.

हिरवा_कोपरा

बायोॲक्टिव्हचं नावही नाही? निर्जंतुक माती, भुसा, थोडी वाळू, वर सुकी पानं, आत स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे बारीक किडे सोडा. ते बुरशी आणि विष्ठा खातात. मनीप्लांट लावा. वर्षानुवर्षं थर बदलायला नको!

मोडीवाचक

आणि पूर्ण वाढलेली, चार फुटांची बॉल पायथनची मादी त्या मनीप्लांटवर बसली की?

हिरवा_कोपरा

कुंडीसकट लावायचा. बसते, मान्य आहे. एक मनीप्लांट सपाट झालाय.

गारवेल

हिरवा कोपरा, चांगली पद्धत आहे, पण पहिल्या सापाला पहिल्या दिवशी नको. त्यात आर्द्रता, ऊब, निचरा, किडे असं सगळं एकदम सांभाळावं लागतं. साप आजारी पडला आणि माइट्सचं औषध मारावं लागलं तर किडेही मरतात. मोठ्या विष्ठेचा गोळा तुम्हालाच उचलावा लागतो, तेवढं ते किडे करत नाहीत. वर्षभराने लेकाचा उत्साह टिकला तर बघा. परसातली माती मात्र कुणीही घालू नका, तिच्यात कुठलं कीटकनाशक मुरलंय कुणास ठाऊक.

चिंचेची_पालवी

हॉगनोज सापासाठी विचारायचं होतं, वेगळा धागा काढू का? डेन्व्हरला असते.

गारवेल

इथेच सांगतो, लहान उत्तर आहे. वेस्टर्न हॉगनोज वाळूमिश्रित गवताळ मैदानातला, नाकाने उकरणारा. कोरडं आणि खोल हवं. ॲस्पेन चार इंच किंवा जास्त. डेन्व्हरची कोरडी हवा त्याला मानवेल. कातीच्या वेळी ओला डबा. आणि तो आत गाडून घेतो म्हणून ऊब वरून द्या, ओहमचा प्रतिसाद तुम्हालाही लागू.

निशिगंध_एडिसन

अपडेट. मोडीवाचक आणि गारवेल दोघांचंही ऐकलं. थर्मोस्टॅट त्याच दिवशी आणला. सध्या मॅटवर किचन टॉवेलचा कागद, उबदार बाजूला आइसक्रीमच्या डब्याला दार पाडून ओलं मॉस, झाकणावर फॉइल. डिजिटल मीटर आणला तर जुना काटा दहा-बारा टक्के खोटं बोलत होता असं निघालं. मॉसच्या डब्यात ७५, बाकी पेटीत पन्नाशीच्या आसपास. पेटीतलं कमीच आहे, कळतंय, पण तात्या बहुतेक वेळ त्या डब्यातच असतो. लेकाने कागदावरच्या प्रत्येक डागाचे फोटो काढून फाइल केली आहे, मला दाखवू नको सांगितलंय.

कागदावर माइट्स दिसले नाहीत, उंदीर खाल्ला, बाहेर टाकला नाही. दोन-तीन महिने असंच चाललं तर मग सिरॅमिक एमिटर आणि नारळ. तुकडे आणि भुसा दोन्ही आणून ठेवलेत. गॅरेजमध्ये उघड्या पिशवीत आहेत, त्यात आधीच बारीक माश्या दिसायला लागल्या. टाकून देऊ?

गारवेल

टाकू नका. माल जरा ओला राहिला की त्या कुंडीतल्या माश्या येतात, सापाला काही करत नाहीत, घरात मात्र वैताग. घट्ट पिशवीत बांधून दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग पसरून पूर्ण वाळवा आणि झाकणाच्या डब्यात भरा. घालायच्या दिवशीच भिजवा.

पेटीतल्या पन्नाशीसाठी पाण्याचं भांडं पसरट घ्या आणि उबदार बाजूकडे थोडं सरकवा. चढेल.

नारळ घातल्यावर: विष्ठा आणि युरेट दिसतील तेव्हा आजूबाजूच्या मूठभर मालासकट उचला. सगळा थर तीन-चार महिन्यांनी बदला, वास आला तर आधी. बदलताना पेटी धुऊन पूर्ण वाळू द्या.

निशिगंध_एडिसन

डीप फ्रीझरमध्ये आधीच तात्याचे उंदीर आहेत. आता नारळही. माझे मटार कुठे ठेवू?

फडताळ

गॅरेजमध्ये.

रत्नांग्रीकर

शेवटचा प्रश्न. बदललेला नारळ भाजीच्या वाफ्यात टाकला तर? आम्ही सोडणाचा भुसा माडाच्या आळ्यात टाकतोच.

पशुवैद्य_लीड्स

भाजीच्या वाफ्यात नको, साल्मोनेला. कोथिंबीर-पालक कच्चं किंवा अर्धवट शिजवून खाल्लं जातं. फुलझाडांना किंवा माडाला टाका, हातमोजे घालून. निशिगंध, तुम्ही सरळ पिशवी बांधून कचऱ्यात.